गुरुवारच्या तासासाठी नवं गाणं

सोन-कोलच्या वरचं कुरण
९ जून

बेगायिम एजे,

तुझा पेनड्राइव्ह मिळाला. जाकिपच्या मिनीबसमधून कोचकोर, कोचकोरहून घोडीच्या दुधाचं कुमीस नेणाऱ्या ट्रकमधून इथवर. आंबलेल्या दुधाचा वास मारतोय, पण वाजतो. इथे फोन म्हणजे नुसता आरसा आहे, दात बघायला उपयोगी पडतो. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय. अक्षराला हसलीस तर पुढचं पत्र मेंढीकडून लिहून घेईन, फरक कळणार नाही.

मला इथे का पाठवलं ते तुला माहीतच आहे, पण माझी बाजू कोणी ऐकली नाही. काकाच्या लग्नात त्या भाषणबाज सूत्रसंचालकाच्या माईकला मी फक्त एक छोटी डबी जोडली होती. त्याने तोंड उघडलं की मेंढी बोलायची. "प्रिय वधू-वर" म्हणाला, बें. "आदरणीय पाहुणे" म्हणाला, बें. लोक खुर्चीवरून पडले! आणि बक्षीस काय, तर तीन महिने चोंग-आतांबरोबर कुरणावर. आजोबा तुझेमाझे दोघांचे, आणि एजे म्हणजे मोठी बहीण तू, मग मेंढ्या एकट्या माझ्या का?

असो. तू बारा गाणी पाठवलीस आणि "नीट ऐक आणि खरं सांग" म्हणालीस. सौरपट्टीवर स्पीकर चार्ज करून तंबूबाहेर ठेवला, त्यामुळे मी एकट्याने नाही, अख्ख्या कुरणाने ऐकली. ती बर्फाच्या देशातली पोरगी, गातेय की कुडकुडतेय कळत नाही, ती दुभत्या घोड्यांना पसंत पडली. त्या दिवशी अर्धी बादली दूध जास्त आलं. पोलंडच्या दोन भावांचं लावलं तसा कुत्रा जो पळाला तो दुसऱ्या दिवशी उगवला, आणि अजून स्पीकरकडे तिरक्या डोळ्याने बघतो. ते एक आहे ना, ज्यात सहा मिनिटं काहीच होत नाही? मी बंद करणार होतो. चोंग-आता म्हणाले, "थांब रे, येईल आता." बसलो. संपलं. म्हणाले, "आला नाही. पण वाट बघायला लावली पठ्ठ्याने. परत लाव."

नववा गायक बादलीत तोंड घालून पोरीची माफी मागतोय. तोंड बाहेर काढून मागितली असती तर एव्हाना मिळाली असती.

आणखी पाठव. नाहीतर मीच गायला लागेन आणि मेंढ्या कझाकस्तानात निघून जातील.

तुझा शिक्षा भोगणारा भाऊ,
सिर्गाक


बिश्केक
१७ जून

नालायका सिर्गाक,

तुझं पत्र मी गुरुवारी रेडिओवर वाचून दाखवलं. घोड्या, कुत्रा, चोंग-आता, सगळं. आमच्या स्टेशनच्या तळघरात एल्दियार हसून हसून टेबलाखाली गेला. एल्दियार म्हणजे तोच, फ्रिजच्या घरघरीतून गाणी करणारा. आणि नाही, आमच्यात काही नाही. तू विचारायच्या आधीच सांगते.

ऐकणाऱ्यांचे निरोप आले. ओशची एक नर्स दर गुरुवारी ड्यूटी बदलून माझा तास ऐकते, ती म्हणते यापुढे आधी घोडीला विचारून गाणी लावत जा.

पण एक वाईट बातमी आहे. स्टेशनचा मालक आर्सेन हसला नाही. म्हणाला, "बेगायिम, तू बर्लिनचं सांगतेस, सोलचं सांगतेस. ते तर माझा फोनही सांगतो, आणि पगार मागत नाही. तुझा स्वतःचा शोध कुठला?" त्याने सांगून टाकलंय की ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत इथल्या मातीतलं, कोणी कधी न ऐकलेलं नवं काहीतरी आणलं नाही, तर माझा तास बंद. त्या जागी एक माणूस मोबाईलच्या कव्हरांबद्दल बोलणार आहे. एक तास. कव्हरांबद्दल.

मी दिवसभर बाथरूमच्या फरशा विकते, सिर्गाक. "ही घसरत नाही, ही डाग धरत नाही," आठवडाभर हेच. तो एक गुरुवारचा तास सोडला तर माझं असं माझ्याकडे काही नाही. चार वर्षं झाली. कुठल्यातरी खोलीत कोणीतरी एकटं बसून गाणं करतं, आणि मी ते दुसऱ्या खोलीतल्या एकट्या माणसाला देते. एवढंच करते. ते गेलं तर उरल्या फरशा.

तुझा रेकॉर्डर तिथे आहे ना, मेंढीचा आवाज टिपणारा? काहीतरी टिपून पाठव. पर्यटकांच्या हॉटेलात वाजवतात तसलं तीन तारांचं कोमुझ नको. मेहेरबानी कर.

बेगायिम


कुरण
२ जुलै

एजे,

हुकूम पाळला. तीन दिवस रेकॉर्डर गळ्यात बांधून हिंडलो. सातार शेजारी म्हणाला, "पोराला घंटा बांधली ते बरं केलं, हरवणार नाही." सातार म्हणजे तोच, चोंग-आतांशी सहा वर्षं बोलत नाही तो, एका शिंगरावरून. मला म्हणाला तेही चोंग-आतांना ऐकू जाईल असं, दुसरीकडे तोंड करून.

पेनड्राइव्हवर पाच नग आहेत. एक, चोंग-आतांचं जेवणानंतरचं घोरणं. मधेमधे थांबतं तिथे श्वास रोखून ऐक, दर वेळी वाटतं गेले. दोन, बिळातले मार्मोट शिट्ट्या मारतात ते. तीन, कुमीसच्या ट्रकचा सायलेन्सर, म्हणजे त्याचं जे उरलंय ते. चौथ्यात मी स्वतः गातोय. ते एल्दियारला ऐकवू नकोस, त्याला धंदा सोडावासा वाटेल.

पाचवं सोनुनबूबू आपाचं. तुला आठवत नसेल. सत्तरीची आहे, ओढ्यापलीकडे एकटीचा तंबू, सहा घोड्या. दूध काढताना गुणगुणते. घोडीसाठीचं गाणं असेल, पान्हा लवकर सुटतो म्हणे. शेणींच्या ढिगामागे बसून टिपलं. विचारलं नाही, कारण विचारलं की बायका लाजतात आणि मग हॉटेलात गातात तसं गातात. शब्द कळले तर बघ. तुझी किर्गिझ भाजीबाजारापुरती आहे, टोमॅटो मागायला पुरते, गाण्याला पुरेल की नाही देव जाणे.

फरशावालीचा भाऊ,
सिर्गाक


बिश्केक
१८ जुलै

माझ्या सोन्या, माझ्या हिऱ्या, सिर्गाक!

पहिले चार नग फेकून दिले. घोरणं एल्दियारने ठेवून घेतलंय, कशासाठी ते मी विचारलेलं नाही.

पण पाचवं! अरे, पाचवं ऐकलं आणि मी हेडफोन काढून नुसती बसून राहिले. तो आवाज कसा खाली जातो, जाताजाता मोडतो आणि मोडलेला तसाच परत वर येतो. चार वर्षांत मी असं काही लावलेलं नाही. शब्दांचं म्हणशील तर टोमॅटोवाल्या किर्गिझमधे दोन ओळी लागल्या: "घोड्यावर खोगीर चढलंय, ऊन डोक्यावर आलंय, अजून कसा उठत नाहीस?" किती गोड! घोडीचं दूध काढताकाढता म्हातारी घरातल्या आळशाला उठवतेय. मला तर तूच दिसलास, तोंडावर पांघरूण घेतलेला.

एल्दियारने तीच ओळ उचलली. खाली टापांसारखा ठेका घातला, लांबून येणारा, मग जवळ, मग एकदम छातीवर. आणि ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. आम्ही तळघरात चाळीस जणांना ऐकवलं. लोक घामाने भिजेपर्यंत नाचले! "उठत का नाहीस" आलं की सगळे खाली बसायचे आणि एकदम उडी मारून उठायचे, कोणी न शिकवता. तिघांनी फोनवर त्याचाच गजर लावलाय. दुकानातली माझी मैत्रीण रोज सकाळी पोराला त्यावरच उठवते.

आर्सेन म्हणाला, "हे एकोणतीस ऑगस्टला लाव. तास तुझा." असं म्हणाला, सिर्गाक! मी बाथरूममधे जाऊन रडले, आमच्याच दुकानाच्या फरशांवर.

तयार गाणं पाठवतेय आणि आपांसाठी एक शाल. त्यांना आता तरी विचारलंस ना? रेडिओवर त्यांचं नाव सांगायचंय. आणि गाणं सगळ्या कुरणाला ऐकव. मोठ्याने, पूर्ण आवाजात. माझी शपथ आहे.

तुझी अतिशय आनंदी
बेगायिम


कुरण
३० जुलै

एजे,

आधी हे वाच. चोंग-आता जिवंत आहेत. ठणठणीत आहेत. आत्ता समोर बसून मटण खातायत. हे आधी लिहायचं कारण, खाली कोचकोरपर्यंत बातमी उलटी गेलीय. तुझ्या आईने काळा रुमाल बांधला असेल तर सोडायला सांग.

आता दुसरं. ते गाणं दूध काढायचं नाही. तो कोशोक आहे. घरात माणूस गेला की बायका भिंतीकडे तोंड करून जे रडत गातात ते. तुला लहानपणी मयताच्या घरी कोणी नेलं नाही, तुला कुठून कळणार. सोनुनबूबू आपाचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. हा तिने त्याच्यासाठी बांधलेला. अजून गाते, आजूबाजूला कोणी नसलं की. मला पहिल्या शब्दाला कळलं होतं. इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मला वाटलं, शहरातले शहाणे त्याच्यावर नाचतील, मग मी सांगीन, मग तुझं तोंड बघण्यासारखं होईल. गंमत एवढीच होती. झाली ती मात्र माझी.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी इथे नव्हतो, तीन घोड्या हरवल्या होत्या, त्या शोधत दोन दिवस पलीकडच्या दरीत होतो. चोंग-आतांना आता स्पीकर चालवता येतो, माझीच चूक. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, तुझ्या पत्रात "मोठ्याने" वाचलं, आवाज शेवटपर्यंत पिळला आणि दोन वाडगे कुमीस पिऊन तंबूच्या सावलीत आडवे झाले. माश्या होत्या म्हणून तोंडावर फडकं घेतलं. त्यांना आवाज जितका मोठा तितकी झोप गाढ. गाणं संपलं की परत पहिल्यापासून लागतं, ते तुला माहीतच आहे.

आता तू ओढ्यापलीकडे उभी आहेस असं समज. तिथे आधी काय पोचतं? तो एल्दियारचा ठेका. लोकांनी काम थांबवून कान दिला. टापा! पंधरावीस घोडे एकदम कुठेतरी दौडतायत. मग वाऱ्यावर बाईचा आवाज, कोशोक, जुनुस अक्साकालच्या, म्हणजे आपल्या चोंग-आतांच्या, तंबूकडून. झालं. कोणाला विचारायची गरजच पडली नाही. म्हातारा गेला, माणसं जमायला लागली, आपल्यालाच उशीर झाला! जो तो खोगीर टाकून निघाला. आणि जसजसे जवळ येत गेले तसा टापांचा आवाज वाढतच गेला. म्हणजे आपल्याआधी किती माणसं पोचली बघा, काय नाव कमावलं होतं म्हाताऱ्याने!

मी घोड्या घेऊन चढावर आलो आणि खाली बघतो तर आपल्या तंबूसमोर वीसबावीस घोडे आणि माणसं खोगिरावर वाकून ओरडतायत, "अरे माझ्या भावा! अरे माझ्या डोंगरा!" एजे, मी घोड्या तिथेच सोडून दिल्या. मी कसा उतरलो ते मला माहीत नाही. एका म्हाताऱ्याने मला घोड्यावरून ओढून छातीशी धरलं. मी जो रडलो! माझ्या तोंडातून बें निघालं, खरंच, त्या माईकसारखं. बायका एकमेकींना म्हणत होत्या, "नातू आत्ता येतोय, मयताच्या दाराशी काठी टेकून रडत उभा राहायला एक पोरगा नाही, काय दिवस आले!"

चोंग-आता फडक्याखाली सरळसोट पडलेले. आणि त्यांच्या पायाशी सातार गुडघ्यावर. सहा वर्षं न बोललेला सातार! मयताच्या जेवणासाठी मेंढी आणली होती, ती बाजूला उभी. तो हुंदके देत म्हणाला, "जुनुस, माफ कर रे. ते शिंगरू तुझंच होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कपाळावरचा ठिपका मीच काजळीने काळा केला होता!"

तेवढ्यात फडकं उडालं.

"मला माहीत होतं!" चोंग-आता ताडकन उठून बसले. "काजळी! मी सांगत नव्हतो काजळी? सगळ्यांनी ऐकलं ना? परत बोल!"

एक बाई जागेवर बसली. दोन घोडे उधळले. सातारचं तोंड उघडं ते उघडंच. मग कळलं की चोंग-आता केव्हाचे जागे होते. नंतर मला म्हणाले, "उठणारच होतो रे. पण लोक इतकं चांगलं बोलत होते, म्हटलं संपू दे. मग सातार सुरू झाला, तेव्हा म्हटलं श्वाससुद्धा नको घ्यायला."

आणलेली मेंढी परत न्यायची नसते. कापली. सगळे हसत जेवायला बसले, सातार आणि चोंग-आता एका ताटात. मी स्पीकरकडे धावलो बंद करायला. आणि तिथे सोनुनबूबू आपा उभी होती.

ती चालत आली होती. हातावर दूध वाळलेलं. स्पीकरमधे तिचाच आवाज, "अजून कसा उठत नाहीस," आणि खाली तो ठेका. मी बंद केलं. ती म्हणाली, "कुठे बसला होतास?" मी म्हणालो, "शेणींमागे." तिने मान हलवली आणि परत गेली. एवढं मटण शिजलं, एजे, कुरणावरच्या कुत्र्यांनीसुद्धा खाल्लं, ती घास न घेता गेली.

पाच दिवस झाले. मी पाण्याच्या बादल्या नेऊन तिच्या दाराशी ठेवतो. ती माझ्यासमोर ओतून देते आणि स्वतः भरायला जाते.

तुझा तास माझ्यामुळे गेला, मला कळतंय. काय करू सांग.

सिर्गाक


बिश्केक
५ ऑगस्ट

सिर्गाक,

तीनदा लिहायला बसले, तिन्ही कागद फाडले. त्यात ज्या शिव्या होत्या त्या आता भेटल्यावर देईन, तोंडी जास्त चांगल्या येतात मला.

चाळीस माणसं एका बाईच्या रडण्यावर उड्या मारत होती आणि सगळ्यांत उंच उडी माझी होती. मी विचारलं होतं तुला, "त्यांना आता तरी विचारलंस ना?" पण खरं सांगू? उत्तराची वाट मी पाहिलीच नाही. गाणं इतकं चांगलं होतं की मला उत्तर नकोच होतं. तेव्हा सगळं तुझ्यावर ढकलत नाही. तीन वाटे तुझे, एक माझा.

आर्सेनला जाऊन सांगितलं की गाणं लावणार नाही. तो म्हणाला, "कोणाला कळणार आहे?" म्हटलं, बावीस घोडेस्वारांना कळलं, दोन मैलांवरून. तो म्हणाला मग कव्हरवाल्याला फोन करतो, एकोणतीसपर्यंत तुला वेळ आहे. गजर लावलेल्या तिघांना पुसायला लावलं. दुकानातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती पोराकडे बघून रडायला लागली, आता तिच्या पोराला रोज उशीर होतो.

खालची चिठ्ठी आपांना वाचून दाखव. त्यांच्यासमोर बस, शेणींमागे नाही. एक शब्द आपल्या पदरचा घातलास तर चोंग-आतांना सांगेन की लग्नातली दुसरी डबी कोणाच्या खिशात होती.

"सोनुनबूबू आपा, मी जुनुसची नात बेगायिम. तुमचं दुःख मी न विचारता घेतलं आणि ते काय आहे हे न कळता लोकांत वाटून टाकलं. मला इतकंच कळलं होतं की असा आवाज मी कधी ऐकला नाही. ते अजूनही खरं आहे. गाणं आम्ही थांबवलंय. तुम्ही 'पुसून टाक' म्हणालात तर पुसून टाकू, माझ्याकडचं आणि ज्याने केलं त्याच्याकडचंही. तुमचा शब्द आल्याशिवाय ते कुठेही वाजणार नाही. शाल मी आधीच पाठवली होती, ती किंमत म्हणून समजू नका. थंडी असते म्हणून पाठवली होती."

बेगायिम


कुरण
१७ ऑगस्ट

एजे,

चिठ्ठी वाचून दाखवली. दारात उभा राहिलो तर आपा बादली घेऊन बाहेर आली. तिने पाणी ओतायच्या आधीच मी वाचायला लागलो, एका दमात, सुटायला जागाच दिली नाही. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "परत." परत वाचलं. मग आत बोलावून म्हणाली, "कागद आहे? लिही. मी बोलते तसं लिही. तुझी अक्कल घालू नकोस." तेव्हा आता पुढचं तिचं आहे, मी नुसता हात.

"जुनुसच्या नातीला सांग, मी ओढ्यावर होते. माझाच आवाज डोंगरावरून येताना ऐकला आणि वाटलं, मेले की काय मी. मग म्हटलं, मेले तर मेले, पण माझ्यासाठीही मीच रडतेय, म्हणजे एवढ्या कुरणात दुसरी कोणी मिळाली नाही? याचा राग आला आधी."

मी हसलो. तिने चमचा उगारला. हेही लिही म्हणाली.

"जेवले नाही, कारण जिवंत माणसाच्या दारात कोशोक झाला. ते वाईट. जुनुसला काही झालं असतं तर तुमच्या डोक्यावर बसलं असतं. पण त्याला सहा वर्षांनी शिंगरू मिळालं, तेव्हा ते राहू दे. दुसरं, हा गाढव लपून बसला. समोर येऊन बसला असता तर मी पुढचंही म्हटलं असतं. अर्धाच नेलास, मूर्खा. उठ उठ म्हणते तेवढाच नेलास. पुढे मी त्याला जा म्हणते. ते नको का?"

मग तिने विचारलं, "तिथे ते खरंच नाचतात?"

"हो, आपा."

"रडत कोणी नाही?"

"नाही, आपा."

तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "बरं आहे. रडायचं काम माझं. ते मी केलंय, सात वर्षं करतेय. त्यांनी नाचावं. लिही, वाजवू दे. पण माझ्या दोन अटी."

पहिली अट, कोशोक ऐकून कोणी उपाशी घरी जात नाही. तळघरात जे येतील त्यांना आधी खाऊ घाल. कणकेच्या तुकड्यांचे बोरसोक तळ, मोठी परात भरून, आणि ते फ्रिजवालं पोरगं नुसतं बसून राहायचं नाही, त्याने कणीक मळायची. रेडिओवर ऐकणाऱ्यांना सांग, आधी काहीतरी खाऊन मगच आवाज वाढवा. मी म्हटलं, "आपा, रेडिओवर असं कोणी सांगत नाही." ती म्हणाली, "म्हणून तर त्यांना नवं काहीतरी पाहिजे ना?"

पुढचा भाग मी आत्ताच टिपला, तिच्यासमोर मांडी घालून. पेनड्राइव्हवर आहे. गाण्याआधी तिने तुझी शाल खांद्यावर घेतली. टिपताना मी डोळे पुसले नाहीत, माश्या होत्या.

दुसरी अट नावाची. मी म्हटलं, "तुमचं नाव बेगायिम एजे सांगणारच आहे." ती म्हणाली, "माझं नको, त्याचं." मी कागद सरसावला, "सांगा." आणि ती गप्प. नुसती ओठ हलवते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षांचा संसार आणि नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही, कोशोकमधेसुद्धा नाही. सगळीकडे नुसतं "तू."

"तुझ्या आजोबाला विचार," म्हणाली.

मी बाहेर येऊन ओढ्यावरून ओरडलो, "चोंग-आता! आपाच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

तिकडून आवाज आला, "एसेनकुल! का, तोही उठला का?"

मला वाटलं आता चमचा नाही, कढई येईल. आत बघतो तर आपा तोंडावर शाल धरून हसतेय, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. मी दहा आठवडे शेजारी आहे, मला तिचे दात पहिल्यांदा दिसले. मग तिने माझ्यापुढे कुमीसचा वाडगा ठेवला. भरलेला.

"एसेनकुल, मुसाचा मुलगा," मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"ती पोरगी रेडिओवर हे नाव घेईल ना," म्हणाली, "तेव्हा तिला सांग, मोठ्याने घे. जितकं मोठं काढता येईल तितकं."

"मोठ्याने का, आपा?"

"ठार बहिरा होता तो. एकेक गोष्ट वीसवीसदा ओरडून सांगायची मी. म्हणून तर ते पोरगं एकच ओळ परत परत लावतं, ते मला पटलं. आम्ही दोघं असंच बोलायचो."

सिर्गाक